जुन्या सिमेंटच्या टाकीला आतून एफआरपी लायनिंग: नवख्यांसाठी पायरीपायरीने

गच्चीवरची सिमेंटची टाकी गळायला लागली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन सूचना हमखास येतात. एक जण म्हणतो, टाकी पाडा आणि काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या ठेवा. दुसरा म्हणतो, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. तिसऱ्याच्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये ‘एफआरपी केलंय’, त्यामुळे त्याला तेच हवं असतं. हा लेख त्या तिसऱ्यासाठी आहे. साइटवर पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या सुपरवायझरलाही तो उपयोगी पडेल.

एफआरपी म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि तिच्यात मुरून कडक होणारं रेझिन. धागा केसापेक्षा बारीक, साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा. नुसतं रेझिन कडक झालं की ठिसूळ होतं, ठोकलं की तडकतं. काच ताण सोसते आणि रेझिन तिला जागेवर धरून ठेवतं. पाणी अडवण्याचं काम मात्र रेझिनचं आहे, काचेचं नाही. एवढं डोक्यात पक्कं ठेवलंत तर पुढच्या बऱ्याच सूचना का दिल्यात ते आपोआप कळेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे काम निम्म्याहून जास्त सिमेंटचं आहे. फसलेली जी लायनिंग मी उकलून पाहिली, त्यात फायबर क्वचितच वाईट होतं. ओल्या भिंतीवर घाईने चिकटवलेलं होतं.

आधी टाकी बघा

गळती खरंच टाकीचीच आहे ना, हे पहिल्यांदा तपासा. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखा आणि सकाळी पुन्हा बघा. पातळी जागेवर असेल तर दोष टाकीचा नाही, बाहेरच्या पाइपचा किंवा जॉइंटचा आहे. तेवढ्यासाठी टाकीला फायबर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

पातळी उतरली असेल तर टाकी रिकामी करून, सुकवून आत उतरा. एकट्याने कधीही नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर. लहान हातोडीने भिंती, तळ आणि वरचा स्लॅब खालून वाजवत जा. वरच्या स्लॅबच्या पोटाकडे सहसा कोणी बघत नाही, आणि बहुतेक वेळा सगळ्यात खराब तोच असतो. पाणी त्याला टेकत नाही, पण पाण्यातून सुटणारं क्लोरीन आणि दमट हवा त्याला रात्रंदिवस लागत असते. पोपडे पडलेत, सळ्या उघड्या पडून फुगल्यात, तांबूस ओघळ दिसतायत, असं असेल तर तिथेच थांबा. एफआरपीचा थर ३ मिलिमीटरचा असतो. तो पाणी अडवतो, पण गंजलेल्या सळीला ताकद देत नाही. उलट खराब काँक्रीट त्याच्यामागे झाकलं जातं आणि पुढची काही वर्षं कोणाला दिसतही नाही. ९ हजार लिटरची टाकी म्हणजे डोक्यावर ९ टन पाणी. अशा ठिकाणी आधी स्ट्रक्चरल इंजिनियर, मग फायबर. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. त्यात टाकीचा शेरा काय आहे तो कमिटीने काढून वाचावा. ऑडिटची फाइल कपाटात आणि ठेकेदार टाकीत, असं चित्र नेहमीचं आहे.

जमिनीखालच्या टाकीचं गणित वेगळं. तिथे पावसाळ्यात बाहेरचं भूजल भिंतीतून आत दाबतं. टाकीत पाणी आहे तोवर दोन्ही बाजूंचा दाब एकमेकांना तोलतो. धुण्यासाठी टाकी रिकामी केली की बाहेरचं पाणी लायनिंगला मागून ढकलतं आणि ते फुग्यासारखं सुटून येतं. दर मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन, एवढा हा दाब असतो. म्हणून आतून पाझर दिसणाऱ्या जमिनीखालच्या टाकीला आधी ग्राउटिंग करून, म्हणजे भेगांत दाबाने पातळ मसाला भरून, बाहेरचा पाझर थांबवावा लागतो. तो थांबत नसेल तर एफआरपीचा नाद सोडून काँक्रीटमध्येच मुरणारं सिमेंटच्या जातीचं कोटिंग करून घेणं मला बरं वाटतं. या लेखातलं बाकीचं सगळं गच्चीवरच्या टाकीबद्दल आहे.

टाकीच कामातून गेली असेल तर पॅनेलची टाकी हा चांगला पर्याय आहे. कारखान्यात गरम प्रेसमध्ये दाबून काढलेले १ मीटर बाय १ मीटरचे एफआरपी पॅनेल जिन्याने वर नेऊन, मध्ये गॅस्केट ठेवून बोल्टने जोडतात. त्यासाठी आयएस १४३९९ हे भारतीय मानक आहे. मात्र अशी टाकी कुठेही ठेवता येत नाही. ती बीमवर, सपाट पायावर बसवावी लागते आणि ती जागाही इंजिनियरनेच दाखवायची.

काय मागवायचं

ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ‘एफआरपी लायनिंग, अमुक रुपये चौरस फूट’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर सही करू नका. किती थर, कोणत्या वजनाची मॅट, कोणतं रेझिन, खाली कोणता प्रायमर, तयार जाडी किती, हे सगळं लिहून घ्या. एका थराचंही लायनिंग होतं आणि तीन थरांचंही. दोन दरांची तुलना करायची तर दोन्ही कागदांवर एकच काम लिहिलेलं हवं.

रेझिन. साधं पॉलिस्टर, ज्याला बाजारात जीपी म्हणतात, ते छपराच्या पत्र्यासाठी नि खुर्च्यांसाठी ठीक. कायम पाण्यात राहणाऱ्या थराला ते नको. पाणी त्याच्या साखळीतले दुवे हळूहळू तोडतं आणि काही वर्षांनी फोड येतात. टाकीसाठी किमान आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर मागा. बोलताना सगळे त्याला ‘आयसो’ म्हणतात. त्याहून चांगलं व्हिनाइल एस्टर, पण ते बरंच महाग. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत पहिला आणि शेवटचा थर व्हिनाइल एस्टरचा आणि मधले आयसोचे, हा मधला मार्ग मला खर्चाच्या मानाने पटतो.

डब्यावर ‘फूड ग्रेड’ असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. कडक झालेल्या तुकड्याची आयएस ९८४५ नुसार केलेली मायग्रेशन चाचणी मागा. त्या चाचणीत प्लॅस्टिकमधून पाण्यात काय आणि किती उतरतं ते मोजतात. मर्यादा लिटरला ६० मिलिग्रॅमची आहे. रिपोर्टवर त्याच रेझिनचं नाव आहे का, तेही वाचून घ्या.

मॅट. ‘चॉप्ड स्ट्रँड मॅट’, म्हणजे चिरलेल्या धाग्यांची पांढरी चटई. चौरस मीटरला ३००, ४५० किंवा ६०० ग्रॅम अशा वजनात येते. टाकीच्या भिंतीला आणि तळाला ४५० ची दोन थर, वरच्या स्लॅबच्या पोटाला ३०० ची, कारण जड मॅट ओली झाली की डोक्यावर पडते. काच ‘ई-ग्लास’ जातीची असल्याचं बिलावर लिहून घ्या. स्वस्तातल्या अल्कलीवाल्या काचेला पाणी खातं. शेवटच्या थरासाठी वेगळी पातळ ‘टिश्यू’ मॅट लागते. तिच्यात काच नावापुरती आणि रेझिन भरपूर राहतं, म्हणजे पाण्याच्या बाजूला अडवणारा थर जाड मिळतो.

हार्डनर आणि कोबाल्ट. रेझिन कडक करायला एमईकेपी नावाचा पेरॉक्साइड लागतो, रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. तो काम करायला कोबाल्टचं जांभळं द्रावण लागतं. हल्ली बरंचसं रेझिन कोबाल्ट आधीच घालून येतं आणि त्याला गुलाबीसर छटा असते. दुकानदाराला विचारून खात्री करा. नवख्याने पहिल्या दिवशी एक गोष्ट पाठ करायची: कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. आग लागते, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मगच एमईकेपी. दोन्हींच्या बाटल्या एका खोक्यात, एका पिशवीत ठेवायच्या नाहीत आणि मापंही वेगळी ठेवायची. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली हवीच. गेला तर लगेच पाण्याने धुवायला लागायचं, पंधरा मिनिटं न थांबता धूत राहायचं, आणि तिथून सरळ डॉक्टरकडे.

आणखी एक लबाडी ओळखायला शिका. रेझिन महाग म्हणून त्यात खडूची पावडर घालतात. चांगलं लायनिंग रंग देण्याआधी मधासारखं अर्धपारदर्शक असतं आणि खालची भिंत अंधुक दिसते. दुधट, मातकट दिसत असेल तर विचारा.

माल किती लागेल

समजा टाकी आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल आहे. तळ ६ चौरस मीटर, चार भिंती १५. एकूण २१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २२६ चौरस फूट. वरचा स्लॅब वेगळा धरा.

४५० च्या मॅटचे दोन थर: २१ × ०.४५ × २ = १८.९ किलो. सांध्यांवरची चढ (एक तुकडा दुसऱ्यावर जेवढा येतो तो भाग) आणि वाया जाणारी धरून साडेएकवीस किलो. या मॅटला वजनाच्या सव्वादोन पट रेझिन लागतं, म्हणजे ४८ किलो. प्रायमर, टिश्यू आणि वरच्या कोटाचं मिळून आणखी १७ किलो. एकूण साधारण ६५ किलो रेझिन आणि एक किलोच्या आत-बाहेर हार्डनर. मॅटचा एक थर भिजून बसला की जाडी १ मिलिमीटर होते; दोन थर, टिश्यू आणि टॉपकोट मिळून ३ मिलिमीटरच्या आसपास. साइटवर २५ किलोचा एकच ड्रम आलेला दिसला तर टाकीत काय चाललंय ते वर न चढताही कळतं.

भिंत तयार करणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. टाकीचं जुनं प्लॅस्टर वाजवून पोकळ भाग छिन्नीने काढा. शेवाळ, जुना रंग, डांबर, मागच्या वॉटरप्रूफिंगचे थर, सगळं ग्राइंडरने घासून खडबडीत काँक्रीट उघडं करा. तळहात फिरवला तर सँडपेपरसारखं लागलं पाहिजे आणि हाताला पावडर लागता कामा नये. भेगा व्ही आकारात उघडून मॉर्टरने भरा. नवीन सिमेंट प्लॅस्टर केलं असेल तर २८ दिवस थांबा. ओलं, कोवळं सिमेंट अल्कलीधर्मी असतं आणि अल्कली पॉलिस्टरला खाते.

भिंत आणि तळ, भिंत आणि भिंत जिथे मिळतात तिथे वाटा, म्हणजे कोपरा भरून केलेली गोलाई, करून घ्या. काचेची चटई काटकोनात बसत नाही. ती कोपऱ्यातून उचलते आणि मागे हवेची पोकळी राहते. निदान २५ ते ३० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई हवी. बाहेर आलेले कोपरेही घासून बोथट करा.

मग सुकवणं. टाकी वरून सुकलेली दिसते, पण आत मुरलेलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. तपासायची सोपी पद्धत: अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा जाड प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर, किमान १६ तास ठेवा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा खालचं काँक्रीट गडद झालं असेल तर अजून थांबा. ही चाचणी तळालाही करा, कारण पाणी शेवटी तिथेच मुरून बसतं. एका ठिकाणी मी सैल झालेलं लायनिंग कोपऱ्यातून उचकटलं, तर अख्खी पत्री हातात आली. तिच्या पाठीवर सिमेंटचा कणही चिकटलेला नव्हता. आरशासारखी गुळगुळीत आणि ओली. काम भर पावसात झालं होतं आणि पाहुणे येणार म्हणून कमिटीने घाई केली होती.

म्हणून मोसम महत्त्वाचा. महाराष्ट्रात हे काम फेब्रुवारी ते मे या काळात करावं. जून ते सप्टेंबर नको, आणि कोकणपट्टीत तर अजिबात नको. तिथे पहाटे भिंतींना घाम येतो. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत भिंती कोरड्या मिळतात, पण रात्री गारठा पडतो आणि १५ अंशांच्या खाली रेझिन धड कडक होत नाही. तेव्हा काम सकाळी उन्हं वर आल्यावर सुरू करून दुपारपर्यंत आटपावं. उन्हाळ्यात उलट. भर दुपारी टाकीचं काँक्रीट तापलेलं असतं आणि रेझिन ब्रशवरच कडक होतं, म्हणून सकाळी लवकर सुरुवात. पाणीकपातीच्या दिवसांत टाकी बरेच दिवस बंद ठेवणं अवघड आहे हे खरं. टाकीत मधली भिंत असेल तर एक कप्पा चालू ठेवून दुसरा करता येतो, पण मधल्या भिंतीतून ओल येत असेल तर तो मार्ग बंद. मग गच्चीवर तात्पुरत्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि टँकर. हा खर्च सुरुवातीलाच बजेटमध्ये धरा, म्हणजे नंतर घाई करायचा मोह होत नाही.

आत माणूस उतरवण्याआधी

रेझिनमध्ये स्टायरिन नावाचं उडून जाणारं रसायन असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती टाकीच्या तळाशी साचते, म्हणजे नेमकी माणूस वाकून काम करत असतो तिथे. डोकं जड होतं, गरगरतं, आणि ज्याला होतंय त्यालाच ते कळत नाही. शिवाय ती पेट घेते.

झाकणाच्या तोंडातून पाइप थेट तळापर्यंत सोडून ब्लोअरने तळातली हवा बाहेर ओढा. दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येऊ द्या. एकच झाकण असेल तर काम सुरू करण्याआधी दुसऱ्या तोंडाची सोय करा. साधा हॅलोजन नको. कमी व्होल्टेजचा, झाकलेला दिवा वापरा. विडी-सिगारेट, ग्राइंडरची ठिणगी, वेल्डिंग, यातलं काहीही रेझिन उघडं असताना नको. कापडी मास्क किंवा तोंडाला गुंडाळलेला रुमाल वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो. ग्राइंडिंगच्या वेळी धुळीचा मास्क. झाकणाशी एक माणूस कायम हवा, त्याने आतल्याशी बोलत राहायचं. आतला पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, दोराने वर ओढायचं. आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर म्हणूनच बांधायचा. टाकीतल्या अपघातांत वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही जातो.

वरच्या मजल्यावरच्या लोकांना आदल्या दिवशी नोटीस लावा. वास जिन्यातून खाली उतरतो.

थर लावणं

पहिल्यांदा प्रायमर. व्हिनाइल एस्टर किंवा पॉलियुरेथेनचा प्रायमर ब्रशने काँक्रीटमध्ये घासून मुरवा. इथे एक चूक सर्रास होते: खाली इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिस्टर. इपॉक्सीच्या हार्डनरमधला अमाइन पॉलिस्टरला नीट कडक होऊ देत नाही आणि दोघांची पकड बसत नाही. सगळंच इपॉक्सीत करायचं असेल तर करता येतं, पण तेव्हा ही मॅटही चालत नाही. तिचे धागे धरून ठेवणारा चिकटा स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, म्हणून तिथे विणलेलं कापड लागतं. दोन पद्धतींची खिचडी करू नका.

क्रम असा: आधी वरचा स्लॅब, मग भिंती, शेवटी तळ आणि झाकणाकडे सरकत बाहेर. भिंतीची मॅट तळावर १०० मिलिमीटर उतरवायची, तळाची तिच्यावर चढवायची. तुकडे आधीच मापाने कापून, क्रमांक टाकून, कोरड्या जागी ठेवा. दमट मॅट रेझिनमध्ये पांढरट पडते. कडा कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे मोकळे धागे शेजारच्या तुकड्यात मिसळतात आणि सांधा उठून दिसत नाही. चढ ५० मिलिमीटरची.

एका वेळी एक-दीड किलो रेझिनच घोळा. किलोला १० ते २० ग्रॅम एमईकेपी: उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त, पण दोन टक्क्यांच्या वर नाही. त्याहून जास्त घातला की अजून चांगलं कडक होईल हा समज चुकीचा आहे. थर ठिसूळ होतो. मोजून घाला, अंदाजाने झाकण भरून नाही. घोळल्यापासून हातात पंधरा-वीस मिनिटं मिळतात. मग डब्यात जेलीसारख्या गाठी दिसायला लागतात आणि डबा तापतो. तापलेला डबा टाकीत ठेवायचा नाही, बाहेर काढून पसरट ट्रेमध्ये ओतायचा. बादलीभर माल एकदम धरला तर धूर निघतो.

भिंतीवर आधी रेझिन, त्यावर मॅट, आणि मग वरून रेझिन. कोरडी मॅट लावून वरून ओतत बसलात तर मागची बाजू कोरडीच राहते. मॅट भिजली की पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक होते; जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे काच कोरडी आहे. खाचांच्या लोखंडी रोलरने मधून कडेकडे हवा बाहेर काढत जा, दाबून नाही, चालवून. या टप्प्यावर रोलरवाला माणूस चांगला असेल तर अर्धी लढाई जिंकलात. पहिला थर चिकट असतानाच दुसरा चढवता आला तर उत्तम. मध्ये रात्र गेली तरी चालेल, पण २४ तासांहून जास्त गेले तर घासून, पुसूनच पुढचा थर.

शेवटी टिश्यू आणि त्यावर टॉपकोट. पॉलिस्टरचा हवेला लागलेला पृष्ठभाग चिकट राहतो, कारण ऑक्सिजन त्याला कडक होऊ देत नाही. म्हणून शेवटच्या कोटात मेणाचं द्रावण घालतात. मेण वर तरंगून येतं आणि हवा तोडतं. हे मेण मधल्या कुठल्याही थरात जाता कामा नये, नाहीतर पुढचा थर त्यावर बसणारच नाही. रंग पांढरा किंवा फिकट निळा घ्या, म्हणजे गाळ आणि भेग दोन्ही दिसतात.

पाइपची तोंडं

भिंत सहसा गळत नाही, पाइपभोवती गळतं. येणारा, जाणारा, ओव्हरफ्लो आणि तळातला वॉशआउट (टाकी धुताना पाणी सोडायचा), अशी किमान चार भोकं असतात. गुळगुळीत पीव्हीसी किंवा जस्त चढवलेल्या पाइपला रेझिन नीट धरत नाही. पाइप शक्यतो बदलून फ्लॅन्जचा, म्हणजे तोंडाला चपटी कड असलेला, तुकडा काँक्रीटमध्ये पक्का बसवा, फ्लॅन्जचा तोंडाकडचा भाग खडबडीत घासा, आणि मॅटला पाकळ्या कापून त्या फ्लॅन्जवर सगळीकडून चढवा. वर आणखी एक गोल तुकडा. काम संपल्यावर प्लंबरने पाना लावून पाइप पिळला तर हा सांधा तडकतो, म्हणून बाहेरची सगळी प्लंबिंग आधी उरकून घ्या. शिडीचे लोखंडी अँकर आतून काढून टाका आणि सुटी शिडी वापरा.

कडक झालं का, ते तपासणं

दुसऱ्या दिवशी ते हाताला कडक लागेल, पण आत अजून काम चालू असतं. टाकी निदान सात दिवस उघडी आणि वाहत्या हवेत ठेवा.

तपासण्या तीन. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन, आधी वरचं मेण पुसून, जागा घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर थर कच्चा आहे. नाण्याने सगळीकडे टकटक करा; भद्द आवाज आला तिथे मागे पोकळी आहे, खडूने खूण करा. आणि इंजिनियरकडे बारकोल नावाचं खिशात मावणारं यंत्र असतं, ते पृष्ठभागाचा कडकपणा आकड्यात दाखवतं. आयसोच्या चांगल्या थराला ३५ च्या वर यावा. खुणा केलेली ठिकाणं तिथल्या तिथे कापून भरून घ्या, बिल चुकतं करण्याआधी.

मग पाणी. एक तृतीयांश भरा, रात्रभर थांबा, मग पूर्ण भरा. पातळीची खूण करून २४ तास बघा. बाहेरून भिंतीवर नवीन ओल आली का, तेही पाहा. हे पहिलं पाणी पिण्याचं नाही. २४ तासांनी ते सोडून द्या आणि असंच दोन-तीन वेळा करा. गरम पाणी किंवा वाफ देण्याची सोय असेल तर राहिलेलं स्टायरिन लवकर निघतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात स्टायरिनची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि तेवढ्यालाही पाण्याला वास-चव येऊ शकते. पेल्यातल्या पाण्याला प्लॅस्टिकसारखा वास येत असेल तर ती टाकी चालू करू नका, ठेकेदार काहीही म्हणो.

शेवटी निर्जंतुकीकरण. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन या हिशेबाने ९ हजार लिटरला ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर दीड किलो लागते. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या आणि फक्त निवळी टाकीत ओता. २४ तास ठेवून हे पाणी गटारात सोडा, कुंड्यांना घालू नका. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन टाकी चालू करा.

पुढे काय बघायचं

दर सहा महिन्यांनी टाकी धुताना मऊ ब्रश आणि पाणी एवढंच. तारेचा ब्रश, खराटा, ॲसिड आणि खरवडायचं पातं आत न्यायला धुणाऱ्यांना आधीच मनाई करा. वरचा रेझिनचा थर गेला की काच उघडी पडते. धुताना टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका प्रकाश टाका, म्हणजे फुगवटे सावलीने दिसतात. बोटभर फोड आला असेल तर तो सुईने टोचा. आतून आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं तर पाणी थरात शिरलंय. एखाददुसरा असेल तर तेवढा भाग घासून, कडा उतरत्या करून, पूर्ण सुकवून, खराब भागाच्या बाहेर ७५ मिलिमीटर जाईल अशी मॅट दोन थरांत लावा आणि वर मेणाचा टॉपकोट द्या. ठिगळालाही सात दिवस आणि तीच ॲसिटोनची तपासणी. सगळ्या भिंतीभर फोड असतील तर ठिगळं लावत बसू नका. रेझिन चुकीचं होतं किंवा भिंत ओली होती, आणि ते लायनिंग काढूनच टाकावं लागतं. वॉरंटीचा कागद त्याच दिवशी लागतो, म्हणून त्यावर ‘फोड येणे’ हे शब्द स्पष्ट लिहून घेतलेले असावेत. नुसतं ‘गळती’ एवढंच लिहिलेलं असेल तर ठेकेदार फोडांची जबाबदारी घेत नाही.